जंजिऱ्याच्या पाण्यावर नववीचा वर्ग

‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जझीरा’वरून आला आहे. जझीरा म्हणजे बेट. म्हणजे आपण ‘जंजिरा बेट’ म्हणतो तेव्हा ‘बेट बेट’ असंच म्हणत असतो. आमच्या शाळेत हे सांगितलं की मुलं हसतात, आणि मग विचारतात, “टीचर, आपण कधी जायचं?”

आमची शाळा घाटावरची, उर्दू माध्यमाची. मी तिथे उर्दू आणि मराठी शिकवते. आमच्या निम्म्याहून जास्त मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. पुस्तकात भरती-ओहोटी आहे, सिद्दी आहेत, आरमार आहे; पण खारं पाणी कसं वास मारतं हे पुस्तकातून कळत नाही. म्हणून नववीच्या वर्गाची दोन दिवसांची सहल मुरुड-जंजिऱ्याला न्यायची असं शाळेत ठरलं. ठरलं खरं, पण ‘मुरुड’ हे नाव फळ्यावर लिहिल्याबरोबर पालकांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरुडच्या किनाऱ्यावर आली होती. दुपारी मुलं-मुली पाण्यात उतरली आणि १४ जण परत आले नाहीत. त्यात मुली जास्त होत्या, आणि बहुतेक घरं आपल्यासारखीच होती. त्यानंतर कितीतरी मोहल्ल्यांत एक अलिखित नियम झाला: सहल नको, आणि मुलीला तर नकोच.

पालकसभेत एक रिक्षा चालवणारे अब्बा उठून उभे राहिले. त्यांची मुलगी वर्गात हुशार. ते म्हणाले, “टीचर, किल्ला किती मोठा, तोफ किती लांब, ते तुम्ही सांगितलंत. मला एकच सांगा. पोरगी परत आणून देणार का?”

सभेत शांतता झाली. ‘काळजी करू नका’ असं म्हणून या प्रश्नाला उत्तर होत नाही. मुख्याध्यापकांनी त्यांना सांगितलं की उत्तर पुढच्या सभेत देऊ, आणि मला पूर्वपाहणीसाठी मुरुडला पाठवलं.

दिघीहून पलीकडे

मी माणगाव, म्हसळा करत दिघीला पोहोचले. दिघी आणि आगरदांडा यांच्यामध्ये राजपुरीची खाडी आहे. तिथे गाड्या आणि माणसं दोन्ही नेणारी फेरीबोट चालते. खाडी ओलांडताना दूर पाण्यात काळ्या दगडाचा किल्ला दिसतो. शेकडो वर्षं लाटा खाऊनही त्याचे बुरूज उभे आहेत. हा किल्ला कधीच लढून जिंकला गेला नाही. पोर्तुगीज, इंग्रज, मराठे, सगळ्यांनी प्रयत्न केले. शिवाजी महाराजांनी तर त्याच्यासमोरच पाण्यात पद्मदुर्ग बांधला. तोही इथून दिसतो.

किल्ल्याचे धनी सिद्दी. मूळचे आफ्रिकेतले, हबशी. औरंगाबादची पायाभरणी करणारा मलिक अंबर हाही हबशीच. गुलाम म्हणून विकली गेलेली मुलं दख्खनमध्ये येऊन वजीर झाली, आरमाराची सरदार झाली, नवाब झाली. १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झालं. आजही राजपुरीजवळ खोकरी इथे सिद्द्यांचे दगडी मकबरे उभे आहेत. जाळीचं नक्षीकाम पाहत तिथे उभं राहिलं की मनात येतं, घरापासून तोडून आणलेल्या एका पोराची गोष्ट कुठवर येऊन थांबली. नववीच्या मुलांना हे दाखवायलाच हवं होतं. पण सुखरूप नेऊन सुखरूप आणून.

राजपुरीच्या धक्क्यावर मी एका वयस्कर तांडेल चाचांशी तासभर बोलले. त्यांची शिडाची होडी. मी विचारलं, “चाचा, शाळेच्या मुलांना आणायचं तर काय बघायचं?”

ते म्हणाले, “बाई, आधी चाँदची तारीख बघा.”

चाँदची तारीख आणि पाणी

हे मला फार आवडलं, कारण ही तारीख आपल्या प्रत्येक घरातल्या कॅलेंडरवर असते. रमजान, ईद, शबे-बरात एवढ्यापुरती आपण ती बघतो. पण समुद्राची भरतीही चंद्रावरच चालते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा पाणी सर्वांत जास्त चढतं आणि सर्वांत जास्त उतरतं. हे उधाण. चंद्र अर्धा असतो तेव्हा ओढ एकमेकींना काटकोनात पडते आणि चढ-उतार कमी होतो. हा भांग.

हिजरी महिना नवा चाँद दिसल्यावर सुरू होतो, म्हणून हिशेब सोपा आहे. चाँदची पहिली ते तिसरी आणि चौदावी ते सतरावी: उधाण. आठवी-नववी-दहावी आणि बावीस-तेवीसच्या आसपास: भांग. उधाणाच्या दिवशी धक्क्याच्या पायऱ्यांशी होडी जास्त वरखाली होते, चढणं-उतरणं अवघड जातं.

कोकणातले मच्छीमार भरतीची वेळही तोंडी काढतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. पूर्ण भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते आणि तोच पाहावा. पण वर्गात पाऊणपटीचं गणित घातलं तर मुलं ते जन्मात विसरत नाहीत.

चाचा पुढे म्हणाले ते जास्त महत्त्वाचं. “भांग आहे म्हणून कुणी पाण्यात जायचं नाय. पाणी मारायला उधाणच लागतं असं नाय.”

खरंच आहे. १ फेब्रुवारी २०१६ ला आकाशात चंद्र अर्धा होता. म्हणजे दिवस भांगाचा होता, उधाणाचा नव्हता. तरीही १४ मुलं गेली. किनाऱ्यावर आदळलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. वाळूत जिथे खोलगट जागा असते तिथून ते अरुंद पट्ट्यात जोराने मागे जातं. अशा जागी लाटा फुटत नाहीत, पाणी शांत दिसतं, आणि अनोळखी माणूस नेमकी तीच जागा सुरक्षित समजून उतरतो. पोहता येणाराही किनाऱ्याकडे सरळ पोहत राहिला तर दमून जातो. सुटण्याचा मार्ग: किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर यायचं, मग किनारा धरायचा. त्यात आपल्या मुलींच्या अंगावर सलवार-कमीज, ओढणी, कधी बुरखा. भिजलेलं कापड जड होतं आणि पायांत अडकतं. हे मी कुणाच्या पेहरावावर बोट ठेवण्यासाठी लिहीत नाही. उलट, म्हणूनच आपण पाण्याबाबत जास्त कडक असायला हवं.

सभेतलं उत्तर

पुढच्या पालकसभेत आम्ही कागद वाचून दाखवला. शिक्षण खात्याची परवानगी, एसटीची बस, प्रत्येक पालकाची लेखी संमती. दिवस चाँदच्या नववीचा. ४४ मुलं: २१ मुली, २३ मुलगे. सहा मोठी माणसं. सहा तुकड्या, प्रत्येक तुकडीत सात-आठ मुलं आणि त्यांना एक मोठं माणूस, त्याचं नाव आणि नंबर घरी दिलेला. होडीत प्रत्येकाला लाइफ जॅकेट, बंद बांधलेलं. जॅकेट कमी पडली तर फेऱ्या वाढतील, माणसं नाहीत. आणि समुद्रात कुणीही उतरणार नाही, घोट्यापर्यंतसुद्धा नाही.

जॅकेटचा आग्रह का, हेही सांगितलं. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या. बोटीत माणसं क्षमतेहून जास्त होती आणि अनेकांच्या अंगात जॅकेटच नव्हती. तो समुद्र नव्हता, शहरातला तलाव होता.

रिक्षावाले अब्बा पुन्हा उठले. “किनाऱ्यावर मुलांच्या आणि पाण्याच्या मध्ये कोण उभं राहणार?”

मुख्याध्यापक म्हणाले, “भाई, दोन पालक बरोबर न्यायचे आहेत. तुम्ही येता का?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दोन दिवसांचा धंदा जाईल. पण येतो.”

किल्ल्यात

राजपुरीला आम्ही सकाळी पोहोचलो. पायऱ्यांवर शेवाळ असतं, म्हणून मुलं एकामागे एक उतरली. होडीत चढताना खलाशी हात देतात. एका मुलीने हळूच विचारलं, “टीचर, अनोळखी माणसाचा हात धरायचा?” प्रश्न चांगला होता. तिला आणि सगळ्यांना तिथेच सांगितलं: मदतीचा हात सगळ्यांसमोर असतो, गरजेपुरता असतो, गरज संपली की सुटतो, आणि नको म्हटलं तर त्याला राग येत नाही. ज्या हाताला आडोसा लागतो तो मदतीचा नाही. मुलींनी मग मनगट धरू दिलं आणि टुणकन होडीत उतरल्या. वर्गात जे शिकवायला अख्खा तास लागला असता ते पायऱ्यांवर दोन मिनिटांत झालं.

शीड भरलं आणि होडी सरकली. इंजिनाचा आवाज नाही, फक्त पाण्याचा. पहिल्यांदा समुद्रावर आलेली ४४ मुलं, आणि कुणी बोलेना. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. बुरुजांच्या आड लपवलेला आहे. आत शिरताना दगडात कोरलेला वाघासारखा पशू दिसतो, त्याने पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडले आहेत. मुलांनी हत्ती मोजले. आत वर जाऊन कलालबांगडी तोफ पाहिली. तिच्या तोंडावर हात ठेवून बघताना मुलांना नवल वाटलं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याचे तलाव, याचं त्याहून जास्त नवल.

एका मुलाने विचारलं, “टीचर, एवढा किल्ला, मग माणसं कुठे गेली?” किल्ल्यात पूर्वी वस्ती होती, घरं होती, मशीद होती. संस्थान गेलं, पोट भरायची सोय गेली, माणसं किनाऱ्यावर आली. मी त्याला म्हटलं, “तटबंदीने शत्रू बाहेर राहतो. पण वस्ती टिकायला आत रोजीरोटी आणि एकमेकांचा आधार लागतो.”

संध्याकाळी मुरुडच्या किनाऱ्यावर गेलो. वाळूत काठीने रेघ मारली. रेघेच्या अलीकडे मुलं, पलीकडे समुद्र. मध्ये ते अब्बा उभे राहिले, समुद्राकडे पाठ करून. सूर्य बुडत होता, सगळे तिकडे बघत होते. ते मुलांकडे बघत होते, ओठांत मोजत होते. चव्वेचाळीस. पुन्हा चव्वेचाळीस. पहारा देणाऱ्याने कुठे बघायचं असतं, ते त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

रात्रीची चिठ्ठी

धोका मात्र समुद्रातून आला नाही. मुक्कामाच्या ठिकाणी, रात्री जेवणानंतर, एक मुलगी दुसरीचा हात धरून माझ्या खोलीवर आली. दुसरी रडत होती. तिथल्या एका कामगाराने गरम पाण्याची बादली देताना तिच्या हातात नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली होती आणि म्हणाला होता, “फोन कर. टीचरना सांगू नकोस.”

निघण्याआधी वर्गात आम्ही एक वाक्य पाठ करून घेतलं होतं: जो मोठा माणूस म्हणतो ‘सांगू नकोस’, त्याचंच आधी सांगायचं. त्या वाक्यामुळे मैत्रीण तिला घेऊन आली.

मी तिला तीन गोष्टी सांगितल्या. तू सांगितलंस ते बरोबर केलंस. तुझी काही चूक नाही. आता हे काम मोठ्यांचं आहे. ‘तू बादली घ्यायला एकटी का गेलीस’ हा प्रश्न विचारला नाही. हा प्रश्न एकदा विचारला की मूल पुढच्या वेळी गप्प बसतं.

त्याच रात्री मुख्याध्यापकांशी बोलले, १०९८ वर फोन केला, मुलीच्या अम्मी-अब्बांना कळवलं. मुलींच्या खोल्यांबाहेर मी आणि दुसऱ्या शिक्षिका रात्रभर आळीपाळीने बसलो. सकाळी चिठ्ठीसह पोलिसांत लेखी तक्रार दिली.

एका सहकाऱ्याने मध्येच म्हटलं, “जाऊ द्या, काही झालं तर नाही ना? शाळेची बदनामी होईल, पुढच्या वर्षी कुणी मुलीला पाठवणार नाही.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. मोहल्ल्यात बातमी कशी फिरते ते त्यांना माहीत होतं. पण २०१२ च्या पॉक्सो कायद्याने हा निर्णय आपल्या हातात ठेवलेलाच नाही. १८ वर्षांखालच्या मुलाविरुद्ध लैंगिक गुन्हा झाला आहे किंवा होण्याची भीती आहे असं ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल दडवलं तर शिक्षा एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. गुन्हा कोणत्या कलमात बसतो हे ठरवणं पोलिसांचं काम, आपलं काम कळवणं.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आपण गप्प बसलो असतो तर तो माणूस पुढच्या शाळेच्या मुलींना बादल्या देत राहिला असता.

बातमी कशी द्यावी

सहलीनंतरच्या जुम्याला मोहल्ल्यात कुजबुज सुरू होणार हे उघड होतं. म्हणून त्याआधीच शाळेने पालकसभा बोलावली. काय घडलं, काय केलं, कुणाला कळवलं, हे मुख्याध्यापकांनी सरळ सांगितलं. मुलीचं नाव, गाव, तुकडी काहीही सांगितलं नाही. मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे, आणि माणुसकीचीही आहे. एका पालकांनी विचारलं, “कुणाची मुलगी?” रिक्षावाले अब्बा मागून म्हणाले, “आपली. बसा खाली.”

खरी बातमी वेळेवर दिली की अफवेला जागा उरत नाही. दडवलेल्या बातमीत मात्र मुलीचं नाव आधी फिरतं आणि दोषी माणसाचं कधीच नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना झाली. त्यानंतर राज्य शासनाने शाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांचे आदेश काढले. २०२२ पासून शाळांत सखी सावित्री समिती करण्याचा आदेश आहेच. हे सगळं हवंच. पण शाळा सहलीला निघते तेव्हा कॅमेरा आणि तक्रारपेटी मागे राहतात. बरोबर जातं ते फक्त मुलाचं बोलण्याचं धाडस आणि मोठ्यांची ऐकण्याची तयारी. ही तयारी घरात होते. रोज रात्रीच्या जेवणाला ‘आज काय झालं?’ विचारणाऱ्या, आणि उत्तर ऐकून न ओरडणाऱ्या घरात.

तुमच्या मुलांची सहल निघेल तेव्हा शाळेला पाच प्रश्न जरूर विचारा. माझ्या मुलाच्या तुकडीचं मोठं माणूस कोण? पाण्याच्या जागी नियम काय, आणि तो पाळून घेणारा कोण? मुक्काम कुठे, आणि मुलींच्या खोल्यांपर्यंत कुणाकुणाला येता येतं? काही झालं तर मला किती वेळात कळवणार? आणि मुलांना ‘नाही म्हणा आणि सांगा’ हे निघण्याआधी शिकवलं का? उत्तरं मिळाली तर मुलीला पाठवा. मिळाली नाहीत तर मागा, आणि शक्य असेल तर स्वतः बरोबर जा. सरसकट ‘सहल नको’ म्हणण्याने धोका कमी होत नाही, फक्त मुलीचं जग लहान होतं. तो कामगार मुरुडमध्ये होता तसा आपल्या गल्लीतही असू शकतो.

ज्या मुलीने चिठ्ठी आणून दिली, तिने सहलीवरच्या निबंधात त्या रात्रीबद्दल एक शब्द लिहिला नाही. तिने तोफेबद्दल लिहिलं, गोड्या पाण्याच्या तलावाबद्दल लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की मोठी झाल्यावर तिला खोकरीच्या मकबऱ्यांवर कोणती अक्षरं कोरली आहेत ते वाचायला पुन्हा जायचं आहे. मी दहापैकी नऊ गुण दिले. एक शुद्धलेखनाचा कापला.